चौथी पेटी

तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एक अख्खं बेट मी एकट्यानं जिंकलेलं आहे. बंदूक नाही, तोफ नाही. हातात शाईची बाटली, शाई लावायची काडी आणि बुडाखाली तीन पायांचं स्टूल. चौथा पाय होता, पण तो कोपऱ्यात वेगळा पडला होता. इतक्या कमी सामानात जगात कुणी काही जिंकलेलं नाही.

आमची ही म्हणते, "घरात दोनच माणसं, त्यात तुम्हाला टीव्हीचा रिमोट जिंकता येत नाही. आणि म्हणे बेट!"

तिचं चूक नाही. गल्लीत मला थापाकाका म्हणतात. मी काही सांगायला लागलो की लोक मनातल्या मनात त्यातलं निम्मं वजा करूनच ऐकतात. मलाही ते ठाऊक, म्हणून मी मुळातच दुप्पट सांगतो. हिशेब बरोबर येतो.

पण बेटाचं खरं आहे. म्हणजे मी सांगतो तसं नाही, पण खरं आहे. आणि त्यातलं खरं तेवढंच सांगायची वेळ आली ती गेल्या मंगळवारी, तीही अशा जागी, जिथून उठून पळता येत नाही.

माझ्या दोन्ही मूत्रपिंडांनी दीड वर्षापूर्वी एकदमच राजीनामे दिले. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा माझं रक्त धुवायला टाकतात. डाव्या हातात दोन सुया, दोन नळ्या. एकीतून रक्त यंत्रात जातं, दुसरीतून न्हाऊन-माखून परत येतं. सकाळी आठ ते बारा. तो हात वाकवायचा नाही, खुर्चीवरून उठायचं नाही, पाणी मागायचं तेही घोटभर. लांबट खोलीत अशा सहा खुर्च्या. माझ्या उजवीकडची खुर्ची मास्तरांची. मास्तर इतिहास शिकवायचे. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी समोरचा चुकला की त्यांना अजून शांत बसवत नाही.

आणि सिस्टर. सत्तेचाळीस वर्षांची, कमी बोलणारी, हाताला इतकी हलकी की दुसऱ्या कुणी सुई लावली तर मी कोकलून मजला डोक्यावर घेतो, आणि हिनं लावली की विचारतो, "लावली का?" चौदा महिन्यांत तिनं मला साडेतीनशेवर सुया लावल्या असतील. एकदाही दुखवलं नाही.

आधीच्या गुरुवारी सुया लावून झाल्यावर ती तिथंच उभी राहिली. म्हणाली, "काका, बेटावरच्या मतदानाला उत्तर टोकाच्या गावात तुम्हीच होता ना?"

"होतो की! तुला कुणी सांगितलं? माशाची गोष्ट ऐकायचीय का?"

"नको. मी त्या होडीवाल्याची मुलगी."

रक्तदाब एकदम पडला की ते यंत्र ओरडतं. ते ओरडलं. तिनं खुर्ची मागे कलवली, माझे पाय वर केले, सलाईनचा चाप सोडला, दोन बोटांनी नाडी धरून उभी राहिली. मी माणसात आल्यावर मग पुढचं बोलली. आधी मला नीट केलं आणि मग बोलली, हे लक्षात ठेवा. मी विसरू म्हणता विसरत नाही.

तिचं काम साधं होतं. अडतीस वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना मतपेटी बुडवल्याबद्दल अकरा वर्षांची कैद झाली. सातव्या वर्षी ते तुरुंगात वारले. मताच्या गुन्ह्यातल्या कैद्याचा देह घरच्यांना देत नाहीत, असा नियम. तुरुंगाच्याच आवारात पुरतात, दगडावर नंबर घालतात. तिची आई बाहत्तर वर्षांची, अजून बेटावर असते, आणि तिनं स्वतःच्या शेजारची जागा मोकळी ठेवलीय. आता नवीन सरकारनं आयोग नेमला होता. जुनी शिक्षा रद्द झाली, तर हाडं घरी नेता येणार होती. त्यासाठी त्या केंद्रावरच्या अधिकाऱ्याचा लेखी जबाब हवा. स्वतःच्या शब्दांत, प्रत्येक पानाखाली सही. कुठंही एक ओळ खोटी निघाली, तर अख्खा जबाब बाद. मुदत मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

"त्या केंद्रावरचा एकच माणूस जिवंत आहे," ती म्हणाली, "आणि त्याला मी सुया लावते."

"मग चौदा महिने बोलली का नाहीस गं?"

"तेव्हा आयोग नव्हता. आणि सुई लावताना असलं बोलत नाहीत, काका. हात हलतो."

"कुणाचा?"

"माझा."

मंगळवारी घरातून निघताना आमची ही दारापर्यंत आली. म्हणाली, "आज तरी तो मासा घरी ठेवून जा."

*

सिस्टरनं सुया लावल्या, बाकीच्या पाच जणांचं बघून आली, आणि चाकाचं स्टूल ओढून माझ्या खुर्चीशी बसली. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेले कोरे कागद.

"बोला."

मी घसा साफ केला. सवयीनं मास्तरांकडेही बघितलं. एकट्या श्रोत्यासमोर माझी जीभ उचलत नाही.

"तर त्याचं असं झालं. आपल्या सभागृहानं ठराव केला. विषय बेटाचा. बाजूनं एकशे बारा, विरोधात सत्त्याण्णव..."

"अठ्ठ्याण्णव," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

"एक शिंकला असेल, तो मी धरला नाही. ठराव झाला, जहाजं गेली. बेटावरच्या लोकांकडं होत्या होड्या आणि जाळी. सकाळी गेलेली जहाजं दुपारी जेवायला मोकळी. मेले फक्त अकरा."

"चौदा," सिस्टर म्हणाली. मास्तरांनी डोळे उघडले. ही बेरीज त्यांच्या पुस्तकात नव्हती.

"चौदा. लिही. मग आपल्याकडं पंचाईत झाली. जुने राजे बरे होते, घ्यायचे आणि घेतलं म्हणायचे. आपण पडलो लोकशाहीवाले. आपल्याला चोरीच्या मालावर मालकाची सही लागते."

"चोरी कसली?" मास्तर आता पुरते जागे झाले. "काय होतं तिथं आधी? दवाखाना नाही, शाळा नाही. हे रस्ते, हा धक्का, कुणी बांधला? आणि आपण त्यांना विचारलं, साहेब! जगात कुणी विचारलंय जिंकून घेतलेल्याला? आपण विचारलं."

"विचारलं. मीच होतो विचारायला."

"मग?"

"ऐका की. सुया तुमच्याही हातात आहेत, कुठं जाताय?"

विचारायची पद्धत अशी. बेटावर चार केंद्रं, चार पेट्या. कागदावर दोन चिन्हं, कारण निम्म्या लोकांना वाचता येत नसेल असं राजधानीत बसून ठरलं होतं. आपल्याबरोबर राहायचं असेल तर दिव्यावर शिक्का मारा. नको असेल तर होडीवर. आता हे चिन्ह कुणा शहाण्याच्या डोक्यातून निघालं असेल? समितीचा विचार असा, की होडी म्हणजे बसा आणि चालते व्हा. दिवा म्हणजे प्रगती. समुद्र कुणी पाहिला नव्हता त्या समितीत. जिथं माणूस होडीवर जगतो, होडीचं कर्ज फेडतो, होडीत म्हातारा होतो, तिथं यांनी 'नाही'ला होडी दिली! बाकीच्या तीन केंद्रांची काळजी नव्हती. बंदराच्या बाजूला वर्षभरात आपलेच शिपाई, आपलेच कारकून, त्यांच्या बायका, सगळे राहायला नेले होते आणि सगळ्यांची नावं यादीत घातली होती. उत्तरेच्या गावात मात्र नुसते कोळी. आणि तिथं शाई लावायला मी.

"म्हणजे तेच तर म्हणतो," मास्तर म्हणाले. "होडी दिसली म्हणून मारले शिक्के. अडाणी लोक. ते काही मत नव्हे."

सिस्टरचं पेन थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

इथं मला खरं सांगणं सोपं गेलं, म्हणून सांगितलं. दुपारी एक म्हातारी आली. इतकी वाकलेली की मी स्टुलावर बसूनही तिच्यापेक्षा उंच. बोटाला शाई लावून घेतली आणि कागद माझ्यासमोर धरून म्हणाली, "बाळा, दिव्यावर मारलं तर तू जाशील का?"

"नाही आजी. दिव्यावर मारलं तर आम्ही राहू."

"आणि होडीवर मारलं तर?"

"तर जाऊ."

"जाशील ना नक्की? घरी आई असेल तुझी."

"हो."

"मग होडी," म्हणाली, आणि पडद्यामागं गेली. आणि बाहेर येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवून गेली, जसा काही मी निघालोच. तिच्या मागच्या दोनशे माणसांनी ते ऐकलं. अडाणी-बिडाणी काही नव्हतं, मास्तर. त्या गावाइतकं समजून-उमजून मत तुम्ही-आम्ही जन्मात दिलेलं नाही.

मास्तर म्हणाले, "हं."

"लिहिलं का गं?"

"लिहिलं. सही करा. पहिलं पान झालं."

उजव्या हातानं सही केली. अक्षर बरं आलं. वाटलं, जमतंय की! खरं बोलणं म्हणजे अगदीच काही अवघड नाही.

ती उठून खिडकीजवळच्या पेशंटचं यंत्र बघून आली. परत बसली. "पुढं. पेटी."

आणि तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. "पेटी! लोखंडाची, दोन्ही बाजूंना कड्या, लाखेचं सील, त्यावर माझी सही. मी पेटी मांडीवर घेऊन होडीत बसलेलो. तुझे वडील वल्हवतायत. आभाळ निरभ्र. आणि अचानक बघतो तर तीन मजली लाट! आणि लाटेच्या माथ्यावर मासा. लहान म्हणजे किती लहान? तरी बसएवढा. त्यानं माझ्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं..."

ती लिहीत नव्हती. पेनला टोपण लावून माझं ऐकत होती, जसं भूल उतरेपर्यंत पेशंटचं ऐकतात.

"...आणि पेटी अल्लाद तोंडात धरून गेला. जाताना शेपूट वर केलं, तर शेपटाला शाई! म्हणजे आधी कुठंतरी मत देऊन आला होता लबाड."

पलीकडच्या खुर्चीवरून कुणीतरी हसलं. मास्तरसुद्धा ओठांत हसले. अडतीस वर्षं या ठिकाणी लोक हसत आलेत. लग्नात हसले, आगगाडीत हसले, माझ्या मुलाच्या सासरी हसले. कुणी विचारलंच नाही की बाबा, मग त्या पेटीचं खरं काय झालं? माशाचा उपयोगच तो. पेटीवर एवढा मोठा मासा बसवला, की खाली काय आहे ते कोण बघतंय!

सिस्टर म्हणाली, "आयोगानं माशाला साक्षीला बोलावलं, तर कुठं शोधू?"

"चेष्टा करतेस?"

"नाही काका. मला दोनला ड्यूटी संपल्यावर समोरच्या इमारतीत कागद द्यायचेत. तुम्हाला अजून दोन तास आहेत. हसून झालं असेल तर सांगा."

तिच्या आवाजात राग असता, तर मला बरं पडलं असतं. रागाशी मी भांडू शकतो. तिच्या आवाजात नुसतं घड्याळ होतं.

"लाट नव्हती," मी म्हणालो.

"नव्हती," असं म्हणून तिनं टोपण काढलं.

दुपारी डोंगरातल्या वाटेनं एक स्वार चिठ्ठी घेऊन आला होता. आमच्या साहेबांची. साहेब म्हणजे बेटावरच्या निवडणुकीचे मुख्य. सज्जन माणूस, बोलणं मऊ. चिठ्ठीत दोन ओळी. पेटी समुद्रमार्गे आणावी. प्रवासात पेटीचे काही बरेवाईट झाल्यास आपणास जबाबदार धरले जाणार नाही.

"एवढंच?" मास्तरांनी विचारलं.

"एवढंच. यात हुकूम दिसतो का कुठं? काळजी दिसते. सरकार माझी काळजी करत होतं."

"चिठ्ठी कुठाय?" सिस्टर म्हणाली.

"गिळली."

मास्तर पुन्हा हसले. "आता चिठ्ठी गिळली म्हणे!"

"ती खरंच गिळली हो. माझ्या आयुष्यात विश्वास न बसण्यासारखी खरी गोष्ट हीच एक. घशात अडकली तेव्हा हिच्याच वडिलांनी पाणी दिलं."

तिनं ते लिहिलं. 'पाणी दिलं' हे शब्द लिहिताना पेन जरा जोरात चाललं, एवढंच.

मग मी सांगितलं. पेटीबरोबरच्या शिपायाला मी डोंगराच्या वाटेनं पाठवलं, होडीत जागा नाही म्हणून. जागा होती. होडीत आम्ही दोघंच. होडीवाला पस्तिशीचा असेल, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, तरी मला साहेब म्हणायचा. गाव दिसेनासं झालं, तशी मी पेटी मांडीवरून काठावर घेतली. म्हटलं, पाय आखडलेत. तो म्हणाला, "सांभाळून साहेब." मी ढकलली. फार नाही. लहान मूल झोपेत ढकलतं, तेवढीच. पेटी लगेच बुडत नाही, फटीतून पाणी आत जायला वेळ लागतो. खाली बसल्यासारखी बसत गेली.

"सही करा," ती म्हणाली. दुसरं पान संपलं होतं.

सही केली. या खेपेला अक्षर वाकडं आलं.

"तो ओरडला," मी म्हणालो. "साहेब, पेटी! म्हणून. आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उडी टाकली."

"बाबांनी?"

"तुला माहीत नव्हतं?"

"नाही. कोर्टात त्यांना कुणी विचारलं नाही, आणि भेटीला गेलं की ते आमच्या शाळेचंच विचारायचे. पेटीचं कधी काढलं नाही."

यंत्राचं चाक फिरत होतं. माझं रक्त नळीतून जाताना दिसत होतं. बघू नये म्हणतात, पण दुसरीकडं कुठं बघायचं तेही कळेना.

"त्यानं स्वतः होडीवर शिक्का मारला होता," मी म्हणालो. "सकाळी पहिलाच आला होता मताला. पण त्याला वाटलं असेल, आपल्या होडीतून गेलेली वस्तू, आपली जबाबदारी. तिथं फार खोल नव्हतं. तीन पुरुष पाणी. पहिल्यांदा रिकामा वर आला, श्वास घेऊन परत गेला. मी मनात म्हणत होतो, राहू दे रे बाबा, राहू दे. दुसऱ्यांदा वर आला तो पेटी घेऊन. एका हातानं काठ धरला, दुसऱ्या हातानं पेटी वर केली. तोंड लाल झालेलं, नाकातून पाणी. हसत होता. म्हणाला, घ्या साहेब."

मी घोटभर पाणी मागितलं.

"घेतली?" हे मास्तरांनी विचारलं.

"घेतली. दोन्ही हातांनी. होडी तोवर वाहत पुढं आली होती, खाली आता तळ नव्हता. सील तसंच होतं, माझी सही तशीच. त्यानं पेटी सोडली, मी नीट धरलीय ना बघून सोडली. आणि मग मी सोडली."

"दुसऱ्यांदा?" मास्तर म्हणाले.

"पहिल्यांदाची चूक म्हणता येईल. मी म्हणालोही तसं, स्वतःशी. दुसऱ्यांदाचीला काय म्हणणार?"

खोलीत कुणी हसलं नाही. मास्तर स्वतःच्या यंत्राकडं टक लावून बघत राहिले, जणू आत चाललंय ते रक्त भलत्याच कुणाचं आहे.

सिस्टर म्हणाली, "बाबांनी बघितलं का?"

"चार बोटांवर होता त्याचा चेहरा. बघितलं. आणि मला म्हणाला, हात घसरला का साहेब?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो."

तिनं लिहिलं. मी सांगत गेलो, आता थांबणं जमत नव्हतं. तो होडीत चढला. मी थरथरत होतो, म्हणून होडीच्या टोकाला ठेवलेला स्वतःचा कोरडा सदरा मला दिला आणि ओल्या अंगानं दोन तास वल्हवत बंदराला आणलं. वाटेत उलट माझीच समजूत काढत होता. म्हणाला, काळजी करू नका, पेटी हरवली तर मत परत घ्यावंच लागेल. आम्ही परत देऊ. त्यात काय? तुमच्याकडं तर लोकशाही आहे.

"आणि तो बरोबर होता, मास्तर. नियमच तसा होता. अधिकाऱ्याच्या हातून पेटी गेली, तर त्या गावात फेरमतदान. मी पहिला अहवाल लिहिला तो खरा. हात घसरला, म्हणजे खरा असा नाही, पण निदान हात तरी माझा होता. साहेबांनी वाचला. चष्मा काढला. म्हणाले, हात कुणाचा घसरला ते जरा नीट आठवा. कारण तुमचा घसरला तर परत मत. विरोधातल्या मतदारानं पेटी मुद्दाम बुडवली, तर त्या गावाची मतं रद्द, आणि उरलेल्या तीन पेट्यांवर निकाल. आणि मला चहा दिला. चहा पिऊन होईपर्यंत मला नीट आठवलं."

"किती मतांनी निकाल लागला?" मास्तरांचा आवाज शाळेतला राहिला नव्हता.

"तुम्ही शिकवलाय ना? तुम्हीच सांगा."

"चारशे सहा. दिव्याच्या बाजूनं."

"आणि त्या गावात मी नऊशे तीस बोटांना शाई लावली होती. वजाबाकी तुम्ही करा. अठरा वर्षं मुलांना शिकवलंत की बेटानं आपल्याला निवडलं. तुमचा दोष नाही. मीच पुरवलं तुम्हाला ते."

पण तेही पुरतं खरं नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "बेटाचा ठराव करणाऱ्या त्या पक्षाला मत तुम्ही दिलं होतं, मीही दिलं होतं. राजा असता तर त्याच्यावर ढकलून मोकळे झालो असतो. इथं ढकलायचं कुणावर? बोटाला शाई सगळ्यांच्याच."

सिस्टर वाकून तिसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळी पुऱ्या करत होती. पान संपलं तसा पुठ्ठा माझ्यापुढं धरला. मी सही केली. तिनं तिन्ही पानं चाळली, सह्या बघितल्या, कागद सरळ केले. साडेअकरा झाले होते. तिचं काम झालं होतं. ही तीन पानं समोरच्या इमारतीत गेली असती, आणि तुरुंगाच्या आवारातला तो नंबराचा दगड हलला असता.

तिनं मला 'धन्यवाद काका' म्हटलं असतं आणि उठून गेली असती, तर इथंच संपलं असतं. पण ती काहीच म्हणाली नाही. नुसतं यंत्रावरचे आकडे बघून कागदावर नोंद केली, रोजच्यासारखी. आणि माझ्याच्यानं राहवेना. मला वाटलं, एवढं सगळं काळं झालं, एका कोपऱ्यात थोडं तरी पांढरं असू दे. तीन पानांत एक ओळ. कुणाचं काय जातंय?

"अजून एक लिही," मी म्हणालो.

ती पुन्हा बसली. नवा कागद घेतला.

"लिही. खटला चालू असताना मला राहवलं नाही. निकालाच्या आदल्या दिवशी मी कोर्टात गेलो. खरं सांगायचंच, असं ठरवून गेलो. पण ही गर्दी! पार रस्त्यापर्यंत माणसं. मी मागच्या दारापाशी उभा राहिलो, हात वर केला. शिपायानं आत सोडलं नाही. मी तिथूनच ओरडलो, हात माझा होता, हात माझा होता! गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नाही. पण तुझ्या वडिलांनी मान वळवली. त्यांनी मला बघितलं. आणि मान हलवली, अशी, जशी काही समजलं म्हणून."

पेन कागदावर टेकलेलं होतं. कागद कोरा होता. तिनं मान वर केली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी तिचा हात हलताना बघितला.

"खोटं," ती म्हणाली. मोठ्यानं. सहाही खुर्च्यांना ऐकू जाईल असं. "गर्दी नव्हती काका. मागचं दारही नव्हतं. त्या खोलीला एकच दार होतं. मी आईजवळ बाकावर नऊच्या नऊ दिवस त्या दाराकडे तोंड करून बसले होते. बाबा रोज सकाळी पिंजऱ्यातून मला विचारायचे, साहेब आले का बघ गं. आणि मी रोज बघून सांगायचे, नाही आले."